शेवटची चार मिनिटं

यंदा पुण्यात थंडी उशिरा आली. डिसेंबर अर्धा सरल्यावर मंडईबाहेरच्या हातगाड्यांवर हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागल्या, आणि त्याच आठवड्यात परदेशातून चार ओळींची बातमी आली की त्या चौघांनी वाजवणं थांबवलं आहे. चाळीसहून जास्त वर्षं चाललेला रॉक बँड होता तो. निरोपाचा कार्यक्रम नाही, कारणही दिलेलं नाही. यापुढे वाजवणार नाही, एवढंच.

आमच्या वर्तमानपत्राची वेबसाइट सांभाळणारी तन्वी माझ्या टेबलापाशी आली.

"सर, तुम्ही यांचं खूप ऐकलंय ना? बेस्ट ट्वेल्व्ह द्या. प्रत्येक गाण्याला चाळीस शब्द, मॅक्स. लोक स्क्रोल करतात."

"बाराच का?"

"दहा सगळेच देतात."

मी म्हणालो की साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण बाराच गाणी बसायची. तिने मान हलवली आणि अंतिम मुदत सांगून गेली. त्या दिवशी कपाटातून काढलेल्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. या वासाबरोबर मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो.

शतक संपायला तेव्हा तीन-चार वर्षं उरली होती. केबलच्या काळ्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर संगणकाचे वर्ग निघाले होते आणि त्यांच्या पाट्यांवर हटकून विमान रंगवलेलं असायचं. आमच्या कचेरीत छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवणारी मंडळी घरी गेली होती. त्यांच्या जागी संगणकांची काचेची गार खोली झाली होती, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. संपादकही काढत. देवळात न जाणारे आमचे एक सहकारी म्हणत, "चला, इथे तरी वाकलो."

प्रूफखातं मात्र अजून जुन्या पद्धतीने चालत होतं. टेबलाशी दोघं बसत. एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचे, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, एका लयीत. दुसऱ्याची नजर प्रूफवर. कानाने ऐकायचं, डोळ्याने ताडायचं, आणि चूक दिसली की लाल पेनाने समासात खूण करायची. त्या खात्यात प्रूफवर नजर ठेवायचं काम संघमित्रा वाघमारे करत. वय सव्वीस-सत्तावीस, घर दापोडीला, वडील खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून निसटलेली चूक कुणाला सापडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या डिसेंबरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वाघमारे प्रूफवरून नजर उचलून वाचणाऱ्याच्या ओठांकडे बघत होत्या. प्रूफ पाहणाऱ्याने नजर वर केली की ओळ सुटते. त्यांची सुटत नव्हती, पण एका ओळीला लागणारा वेळ दुप्पट झाला होता.

एका दुपारी चहाच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या.

"अहो उपसंपादक, रविवारच्या पुरवणीत गाण्यांवर तुम्हीच लिहिता ना?"

"लिहितो."

"चौघांची एक कॅसेट भरून घ्यायचीय. भाऊ बंगलोरला गेला, त्याच्या दोन कॅसेट मागे राहिल्या, तेवढंच मी ऐकलंय. त्यांच्या नऊ रेकॉर्डी आहेत म्हणे. त्यातली निवडून यादी करून द्याल? साठची कॅसेट."

"नव्वदची घ्या की. जास्त बसतील."

"नव्वदची फीत पातळ असते, गुंडाळते. ही मला पुरवायचीय."

"कुठपर्यंत?"

मजकूर वाचावा तशा सरळ आवाजात त्या म्हणाल्या, "नसेचा दोष आहे. दोन्ही कानांना. वरचे सूर आधी जातात, मग खालचे. किती दिवसांत ते डॉक्टरांना सांगता येत नाही, आणि औषध नाही. पाखरं गेली. कुकरची शिट्टी आई सांगते तेव्हा कळते."

"ऑफिसात सांगितलंत?"

"सांगते की. मग ते माझीच यादी करतील."

त्या हिवाळ्यात माणसं कमी करण्याची यादी निघणार अशी कुजबुज होती, म्हणून हे उत्तर. मी हसलो आणि लगेच हसू आवरलं. त्या हसतच होत्या.

चौघांची ओळख करून द्यायला हवी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, गिरण्या बंद पडत चाललेल्या एका गावातली चार मुलं. एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला, आणि जाड तारांची बास गिटार वाजवणारा चौथा. त्यांचे उच्चार आम्हाला अर्धेच कळत, म्हणून गाण्यांना आम्ही आमची नावं दिली होती. पहिल्या रेकॉर्डवरचं ते भोंग्याचं. त्यात गिटारचा एकच सूर खालून चढत जातो, पाळी सुटल्यावर वाजणाऱ्या भोंग्यासारखा, आणि टोकाला पोचायच्या आधी थांबतो. विशीतल्या पोरांना ते थांबणं कसं सुचलं असेल, याचं आश्चर्य मला अजून वाटतं. तिसऱ्या रेकॉर्डवरचं टाळ्यांचं. ड्रमवाला तेव्हा इस्पितळात होता. बाकीच्या तिघांनी दुसरा माणूस घेतला नाही, सबंध गाणं टाळ्यांवर पेललं. ऐकताना जो माणूस त्यात नाही तोच सारखा ऐकू येतो. पाचव्या रेकॉर्डच्या वेळी सगळ्यांसारखी यांनीही यंत्रं घेतली आणि समीक्षकांनी यांना झोडपलं. पण त्याच रेकॉर्डवर एक गाणं ऐन भरात दोन सेकंद पूर्ण बंद पडतं. त्या दोन सेकंदांत आपण श्वास धरलाय हे गाणं पुन्हा सुरू झाल्यावर समजतं.

आणि सातव्या रेकॉर्डवरचं लांबलचक. अकरा मिनिटांचं. सातव्या मिनिटाला गाणारा संपवतो, गिटार मागोमाग विरून जाते. पुढची चार मिनिटं नुसता बास आणि ड्रम. तेच ते, पुन्हा पुन्हा. निदान माझ्या कानांना तसं वाटलं होतं.

ही सगळी गाणी पुण्यात एकाच ठिकाणी मिळत, मंडईमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर केळकरांकडे. केळकर रेकॉर्डवरून कॅसेट भरून देत. जिना चढताना खालच्या दुकानातल्या गुळाचा वास यायचा, वर आलं की तापलेल्या यंत्रांचा. दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीतून ऊन थेट रेकॉर्डवर पडे आणि फिरणाऱ्या काळ्या चकतीवर पांढरी रेघ स्थिर दिसे. त्या रेघेकडे बघत मी आठ दुपारी बसलो आणि नऊही रेकॉर्डी ऐकल्या. तीनला माझी पाळी सुरू व्हायची.

केळकरांचा नियम साधा होता. यादी लिहून आणायची. वेळ आपण काढायचा. ते मनगटावरच्या घड्याळाने तपासत. एका बाजूला तीस मिनिटं, त्यावर एक सेकंद नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, "तशी सगळीच चांगली आहेत हो यांची."

"मग सगळीच ऐकत बसा. यादी झाली की या."

नवव्या दुपारी वाघमारे माझ्याबरोबर आल्या. केळकरांनी त्यांच्यासाठी लांबलचक लावलं. स्पीकर म्हणजे सागवानी खोकं होतं, कमरेएवढं उंच. थोडा वेळ ऐकून वाघमारेंनी त्यावर तळहात टेकला.

"हात काढा," केळकर म्हणाले. "पॉलिश आहे त्याला."

त्यांनी काढला नाही. केळकरांना वाटलं, ऐकूनही काढत नाहीत. मग त्यांनी वाघमारेंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पॉलिशचा विषय सोडला. मी दाराशी उभा राहून दुसऱ्या बाजूच्या पाच गाण्यांची बेरीज करत होतो. चौतीस मिनिटं होत होती. गाणारा थांबल्याचं ऐकून मी वही मिटली.

"झालं ना? निघू या?"

"संपलेलं नाही," केळकर म्हणाले. "संपलं की मी सांगतो."

आम्ही थांबलो. खाली रस्त्यावर कुणीतरी ऊस सोलत होतं, सालं पडल्याचा आवाज येत होता. अखेर केळकरांनी सुई उचलली आणि म्हणाले, "आता संपलं."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच यादी घेऊन गेलो. चार मिनिटं जास्त होती. एखादं गाणं गाळावं तर सगळीच लाडकी. मग मला नेहमीचा मार्ग सुचला. बातमीत महत्त्वाचं आधी लिहितात, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली. पानावर जागा कमी पडली की शेवटून कापायचं. घाईत विचार करावा लागू नये म्हणूनच ती रीत पडली, आणि माझ्या हाताला ती बारा वर्षांची सवय होती.

"लांबलचक सातव्या मिनिटाला हळूच आवाज कमी करून संपवा. पुढे तेच ते आहे."

"मी गाणं कापत नाही."

"मग चार मिनिटं आणू कुठून?"

केळकरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लिहून द्या."

त्यांनी खरोखर चिठ्ठी लिहून घेतली. 'अकरा मिनिटांचे गाणे सातव्या मिनिटाला संपवावे.' खाली माझी सही. त्यांनी ती टाचणीने भिंतीला टोचली.

कॅसेट मी नेऊन दिली तेव्हा वाघमारेंनी दोन्ही हातांनी घेतली. तीन दिवसांनी ती माझ्या टेबलावर परत आली. आतल्या कागदावर मी गाण्यांची नावं लिहिली होती. लांबलचकच्या नावापुढे कोरी जागा होती आणि त्या कोऱ्या जागेखाली लाल पेनाने टिंबांची ओळ होती. प्रूफमध्ये चुकून खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असला की त्याखाली अशी टिंबं देतात. इथे वर मजकूर नव्हता.

मी प्रूफखात्यात गेलो. त्या माझ्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही बातमी कापलीत."

"तिथे काही नव्हतं हो. गाणारा सातव्या मिनिटाला थांबतो."

"तुमचं तिथे थांबतं. माझं तिथे सुरू होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वरचं सगळं आता काचेपलीकडून यावं तसं येतं. त्या दोघांचं खालचं अजून अख्खं येतं. बारा गाण्यांत तेवढं एकच अख्खं होतं. आणि मला ते असेपर्यंत ऐकायचं होतं."

मी त्याच दुपारी धावत केळकरांचा जिना चढलो. त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेकॉर्ड माझी नव्हती. गिऱ्हाइकाने ऐकायला दिलेली. ते मुलाकडे गेले अमेरिकेला, परवा. सगळ्या रेकॉर्डी घेऊन."

"दुसरी कुणाकडे?"

"माहीत असतं तर तुमच्या आधी मी गेलो असतो."

आज हे कुणाला पटणार नाही. तेव्हा एका माणसाचं सामान विमानात चढलं की एक गाणं शहरातून जायचं. मी मुंबईला दोन मित्रांना फोन केले. कॅम्पातली दुकानं पाहिली. कुणाकडे सहावी रेकॉर्ड होती, कुणाकडे आठवी. वाघमारेंनी पुन्हा विषय काढला नाही. संक्रांतीला त्यांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "गोड नाही बोललात तरी चालेल. मोठ्याने बोला."

माणसं कमी करण्याची यादी मार्चमध्ये लागली. वाघमारेंचं नाव तिच्यात नव्हतं. महिनाभर आधी त्यांनीच राजीनामा दिला होता. कोपऱ्यावरच्या विमानाच्या पाटीखाली त्या शिकायला जाऊ लागल्या होत्या. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "म्हणजे प्रूफच की," त्या म्हणाल्या होत्या, "आणि कुणी मोठ्याने वाचत नाही."

चारेक वर्षांनी सातवी रेकॉर्ड सीडीवर निघाली आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानात आली. मी दोन घेतल्या, एक त्यांना कुरिअरने पाठवली. पोचल्याचं त्यांनी कळवलं, बाकी काही लिहिलं नाही. ती चार मिनिटं त्यांच्यापर्यंत वेळेत पोचली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी स्वतः सीडी लावली. सातव्या मिनिटानंतर बास आणि ड्रम वाजत राहिले. मी लक्ष देऊन ऐकलं. तेच ते होतं.

पुढे चौघेही म्हातारे होत गेले. गाणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या रेकॉर्डवर त्याचा आवाज इतका खाली आला होता की आधी दुसराच कुणी गातोय असं वाटलं. मी परीक्षण लिहिलं. आवाज संपला, आता थांबावं, असं त्यात होतं. ते छापून आलं त्या दिवशी वाघमारेंचा दोन ओळींचा ईमेल आला. 'परीक्षण वाचलं. तो खाली आला म्हणून मला परत ऐकू यायला लागलाय.' ते मी कितीदा वाचलं ते सांगता येणार नाही. एक माणूस तिकडे आवाज गमावत उतरत होता, एक बाई इकडे कान गमावत उतरत होत्या, आणि पंधरा-सतरा वर्षांनी दोघं एका पायरीवर भेटले होते. कुणी ठरवलं नव्हतं. मी तर त्या पायरीवर 'संपला' अशी पाटी लावून आलो होतो.

तन्वीची यादी तयार झाली तेव्हा ती आधी वाघमारेंना दाखवावी असं वाटलं. स्वारगेटहून बस पकडून खराडीला गेलो. तिथल्या काचेच्या इमारतींमध्ये थंडी जास्त वाटते. वाघमारेंच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारची गर्दी होती, ताटं-चमचे वाजत होते. त्यांचे केस आता पांढरे झालेत. दोन्ही कानांमागे राखाडी, शेंगदाण्याएवढी श्रवणयंत्रं.

"इथे कसं जमलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सोपं आहे. इथे सगळे कानात गाण्याचे बोळे घालून बसतात. शेजारच्याला चहाला येतोस का हेसुद्धा लिहून विचारतात. पहिल्या दिवशी वाटलं, सगळेच माझ्यासारखे की काय." मग हात पुढे केला. "द्या यादी."

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. भोंग्याचं पहिलं, टाळ्यांचं दुसरं, यावर मान डोलावली. बंद पडणाऱ्यावर एक स्वल्पविराम घातला. घशाच्या ऑपरेशननंतरचं एकही गाणं यादीत नाही हे पाहून पेन थांबलं, मग पुढे सरकलं. लांबलचक बारावं होतं.

"शेवटी का?"

"लांब आहे म्हणून."

"म्हणजे जागा कमी पडली की पहिलं हेच जाणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो उपसंपादक, ती चार मिनिटं तुम्ही ऐकलीत का कधी?"

"ऐकली. तेच ते आहे."

त्यांनी फोन काढला आणि काहीतरी सुरू केलं. फोनमधून आवाज आला नाही. त्यांच्या यंत्रांत गाणं थेट जातं. मला फक्त कॅन्टीनचा गोंगाट ऐकू येत होता. त्यांनी उजव्या हाताचं बोट टेबलावर ठेवलं.

"गाणारा थांबला," त्या म्हणाल्या. "आता बघा."

बोट टेबलावर पडू लागलं, ठोक्याला एक. मी बघत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एक, एक, एक. मिनिटभराने मला शंका आली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, केळकर पाहत तसं. ठोके लांबत होते. इतके हळूहळू, की मागच्या ठोक्याशी ताडून पाहिलं तर फरक दिसू नये. सुरुवातीला एका सेकंदात दोन पडत होते. मग एक. मग एकाहून कमी. दोन माणसं चार मिनिटं एकमेकांना धरून मंद होत गेली होती, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, आणि ते मी लक्ष देऊन ऐकूनही ऐकलं नव्हतं. आता कानात सूर नव्हता, चाल नव्हती. ताटांच्या आवाजात एका बाईचं बोट होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी दोन ठोक्यांमध्ये एक अख्खा श्वास मावू लागला. बोट पडलं. वर उठलं. हवेत राहिलं. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहिली. शेजारच्या टेबलावरची मुलं उठून गेली. मी वाट पाहिली.

वाघमारेंनी यादी माझ्याकडे सरकवली. बाराव्या गाण्याखाली टिंबांची ओळ होती.

"आता संपलं," त्या म्हणाल्या.